चिमटेबुवांचा ओरखडा

आमच्या साडूंना सगळं गणगोत चिमटेबुवा म्हणतं. दोन बहिणींनी दोन माणसं पत्करली, की ती दोन माणसं जन्मभर एकमेकांना ‘अहो साडूबुवा’ करत बसतात, तशी आमची गत. थोरली माझ्या वाट्याला आली, धाकटी त्यांच्या. बायका एकमेकींशी अगं-तुगं करत भांडतात आणि तासाभरात गोड होतात. आम्ही दोघे मात्र पन्नास वर्षं अहो-जाहो करूनच एकमेकांची उणीदुणी काढतो.

चिमटेबुवा मूळचे घड्याळजी. माझं शिंप्याचं दुकान रस्त्याच्या या अंगाला, त्यांचं समोर. त्यांचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत शिरलं की मालकाला पोट आत घ्यावं लागे. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर बशीत एखाद्या घड्याळाची आतडी पसरलेली. मी इकडून हाक मारायचो, ‘‘काय साडूबुवा, किती वाजले?’’ ते मान वर न करता म्हणायचे, ‘‘कुठल्या घड्याळात?’’ कारण भिंतीवरची बावीस घड्याळं बावीस वेळा दाखवायची. दुरुस्तीला आलेलं घड्याळ बरोबर चालत असतं तर आलं असतं कशाला?

मग सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं आली आणि किल्लीची घड्याळं ड्रॉवरमध्ये जाऊन पडली. दुकानात दिवसाकाठी एखादं माणूस यायचं, तेही पट्टा बदलायला. असंच एकदा एक बाई आल्या. वडिलांचं जुनं घड्याळ होतं, त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग गुंतून बसली होती. चिमटेबुवांनी ती तिथल्या तिथे सोडवली, सरळ केली, परत बसवली. बाई पापणी न हलवता बघत होत्या.

‘‘हात असा स्थिर किती वेळ राहतो तुमचा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘गिऱ्हाईक बोलत नाही तोवर,’’ चिमटेबुवा म्हणाले.

बाई हसल्या. त्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि त्यांची स्वतःची प्रयोगशाळा होती. ‘‘माझ्याकडे पदव्यांची माणसं ढीगभर आहेत, हात नाहीत,’’ असं म्हणून त्यांनी चिमटेबुवांना नोकरीला बोलावलं. मेहुणीने आधी भिंतीला विचारलं, मग छताला विचारलं, आणि शेवटी माझ्या बायकोला विचारलं, ‘‘ताई, या वयात हे कॉलेजात जाऊन काय करणार गं?’’ माझी बायको म्हणाली, ‘‘दिवसभर तुझ्या पायात लुडबुडणं तरी थांबेल. जाऊ दे की!’’

त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली.

काम काय, तर चिपला तारा जोडायच्या. चिप म्हणजे करंगळीच्या नखाच्या निम्मी, काळसर चकचकीत चकती. तिच्या कडेने धातूच्या आठ बारीक टिकल्या. प्रत्येक टिकलीवर सोन्याची, केसाहून बारीक तार टेकवायची, चिकटवायची, आणि तिचं दुसरं टोक होल्डरच्या खुंटीला जोडायचं. मायक्रोस्कोपखाली, श्वास रोखून. मग ती चिप एका मोठ्या यंत्रात खाली उतरते. यंत्राला ते लोक फ्रिज म्हणतात, पण त्यात दूध ठेवत नाहीत. द्रव हेलियमने ते इतकं गार करतात, की जगात कुठल्याही डोंगरावर, कुठल्याही ध्रुवावर एवढी थंडी पडत नाही. पूर्ण गार व्हायला दोन दिवस लागतात.

चिमटेबुवांची तिथली एक रीत होती, आणि ती त्यांनी स्वतःच घातलेली. चिप हातात आली की आधी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर तिचा नकाशा काढायचा. कुठली टिकली कुठे, कुठे डाग, कुठे टवका. तारा जोडून झाल्या की पुन्हा मायक्रोस्कोपखाली बघून जे नवीन दिसेल ते लाल पेन्सिलीने भरायचं, आणि खाली सही. कागदाशिवाय चिप त्यांच्या टेबलावरून हलली नाही कधी. विद्यार्थी म्हणायचे, चिमटेबुवांच्या नकाशात मुंगीचं पाऊलसुद्धा सापडेल.

दुसरी रीत कागदावर नव्हती. घड्याळजी चाकं बसवून झाली, की शेवटी चिमट्याच्या टोकाने तोलाच्या चाकाला अलगद एक टिचकी देतो. चाक डुलायला लागतं, घड्याळ जिवंत होतं. तीस वर्षं ही टिचकी त्यांच्या बोटांत मुरलेली. चिपला टिचकी देणं म्हणजे काचेला खिळ्याने कुरवाळणं. म्हणून शेवटची तार बसली की ते मोठ्याने ‘‘ठेवला’’ म्हणत आणि चिमटा तबकात टाकत. शेजारच्या खोलीत ‘‘ठेवला’’ ऐकू आलं की पोरं म्हणत, चला, चिप तयार झाली.

पुढे माझी नात त्याच बाईंकडे संशोधनाला गेली. नात लहानपणापासून त्यांना चिमटेआजोबा म्हणते. घरात मी नुसता आजोबा, आडनावाशिवाय.

आता ती काय शोधते, ते मला तिने माझ्याच शिलाई मशीनशी बसून समजावलं होतं. माझं शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. एका खोलीत चार इयत्ता भरायच्या, त्यामुळे दुसरीत असतानाच माझी चौथी ऐकून झाली होती. तेवढ्या भांडवलावर मी ऐकत होतो. तिने डब्यातलं चार भोकांचं बटण उचललं.

‘‘आजोबा, हे बटण घासलं, वाकवलं, कडेचा टवका काढला, तर भोकं किती?’’

‘‘चारच.’’

‘‘साडेतीन होतील?’’

‘‘वेडी आहेस का? भोक असतं नाहीतर नसतं.’’

‘‘पदार्थाच्या काही अवस्था अशाच असतात. गार करून मोठ्या चुंबकात ठेवलं की माझ्या चिपमधून वीज जाताना एक आकडा दिसतो, आणि तो भोकांसारखा असतो. थोड्याफार घाणीने, टवक्याने ढळत नाही. आतला सगळा भाग वीज अडवतो, ती फक्त कडेकडेने जाते, तीही एकाच दिशेने.’’

‘‘म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानाच्या फेऱ्या,’’ मी म्हणालो. ‘‘गुरुजी सगळ्यांना कडेने पळवायचे. मागे वळायची सोय नाही, मागचा अंगावर येईल. एकदा कडेलाच खड्डा खणला होता, तर आम्ही खड्ड्याच्या कडेने वळसा घालून पुढे. फेऱ्या तेवढ्याच.’’

‘‘अगदी! पण माझा आकडा आणखी चमत्कारिक आहे. त्यात एक तृतीयांश येतो. इलेक्ट्रॉनचा तुकडा पडत नाही, तरी तिथे तिसऱ्या हिश्श्याएवढा भार वावरतो.’’

‘‘तिसरा हिस्सा आला कुठून मग?’’

‘‘गुंत्यातून. ते सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांत असे गुंतलेले असतात, की एकेकट्याला बाजूला घेऊन विचारलं तर त्याच्याकडे उत्तरच नसतं. उत्तर सगळ्यांचं मिळून असतं.’’

मला लगेच शाळेची फुटलेली काच आठवली. पंचवीस जणांनी एकदम दगड मारले होते. गुरुजींनी एकेकाला बाहेर नेऊन विचारलं, कुणाच्या दगडाने फुटली? एकालाही माहीत नव्हतं, आणि फोडली तर आम्हीच होती.

नात हसून म्हणाली, ‘‘उदाहरण फारसं बरोबर नाही, आजोबा. पण गुरुजींचे हाल अगदी बरोबर आहेत.’’

तर या नातीची गोष्ट अशी, की तिच्याकडे अशा पाच चिपा होत्या. त्या बनवणारा माणूस दुसऱ्या संस्थेतला. तो निवृत्त झाला आणि त्याचं यंत्रही मोडीत निघालं. तशी निर्मळ चिप पुन्हा मिळायची नव्हती. चार वर्षांत चार चिपा कामी आल्या. पाचवी उरली. तिच्यावर मोजमापांचा एक संच झाला होता, शेवटचा बाकी होता. तो झाला की प्रबंध पुरा, नाहीतर चार वर्षांचं काम अर्ध्यात लोंबकळणार. मधल्या काळात गरम-गार होताना तिच्या तारा सुटल्या होत्या. त्या पुन्हा जोडायला चिप चिमटेबुवांच्या टेबलावर आली.

तो गुरुवार. संध्याकाळी मी अंगणातल्या खुर्चीत बसून कुणाच्या तरी पॅन्टची पट्टी उसवत होतो. निवृत्त शिंप्याला नातेवाईक सोडत नाहीत. फाटक वाजलं. बघतो तर चिमटेबुवा. तोंड असं, की मी विचारलं, ‘‘मेहुणी बरी आहे ना?’’

‘‘ती बरी आहे. मी बरा नाही.’’ ते पायरीवरच बसले. ‘‘साडूबुवा, मी टिचकी दिली.’’

मला क्षणभर कळेना. मग कळलं आणि हातातली पट्टी तशीच राहिली.

‘‘पोरीच्या चिपला?’’

‘‘पोरीच्या चिपला. सातवी तार काही केल्या बसेना. पाऊण तास गेला. मग बसली. आणि आठवी, साडूबुवा, पहिल्याच स्पर्शाला अशी बसली, अशी बसली की मला आनंद झाला हो. आनंदात ‘ठेवला’ म्हणायचं राहिलं आणि बोटं आपोआप पुढे गेली. टोक घसरलं. कडेपासून आत ओरखडा. निम्म्या रुंदीपर्यंत.’’

‘‘केवढा?’’

‘‘तुम्हाला दिसणारही नाही. पण इलेक्ट्रॉनचा थर वरून किती खोल असतो? केसाच्या जाडीचा तीनशेवा भाग. माझा चिमटा त्याच्या खाली जाऊन आला.’’

बायकोने चहा आणला. त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले. ती गेल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून नकाशाचा कागद काढला. आठ टिकल्या, आठ तारा, सगळं रेखीव. सही नव्हती. ओरखडाही नव्हता.

‘‘चिप होल्डरमध्ये बंद करून आलोय. सकाळी यंत्रात जाणार. कागद तेवढा द्यायचा राहिलाय,’’ ते म्हणाले.

आता मी जे बोललो ते सांगायला लाज वाटते, पण बोललो खरा. म्हणालो, ‘‘अहो, मग राहू द्या की तसाच. यंत्राच्या पोटात कोण बघायला जातंय? माझ्या हातून एकदा नवरदेवाच्या कोटाला कात्री लागली होती, बरोबर छातीवर. लग्न दुसऱ्या दिवशी. मी तिथे एक छोटा खिसा लावून टाकला. गडी एवढा खूश, की पुढे वीस वर्षं जो कोट शिवला त्याला तो खिसा मागून घेतला.’’

चिमटेबुवा एरवी या गोष्टीला हसतात. त्या दिवशी हसले नाहीत.

‘‘कोटाला खिसा लागतो. हिला मी कुठला खिसा लावू? आणि समजा आकडा चुकला. पोर कारण शोधत बसेल. आधी यंत्रात शोधेल, मग तारांत, मग हेलियममध्ये, आणि शेवटी स्वतःच्या डोक्यात. सहा महिने. आणि कारण माझ्या खिशात.’’

मी गप्प झालो, म्हणजे आमच्या घरात बातमी. बायको आतून बघायला आली.

त्यांनी माझ्याकडून लाल पेन्सिल मागितली. माझ्याकडे शिंप्याची जाड पेन्सिल, तिला त्यांनी ब्लेडने सुईसारखं टोक काढलं. मग अंगणातल्या स्टुलावर कागद ठेवून एक रेघ ओढली. तिसऱ्या आणि चौथ्या टिकलीच्या मध्ये, कडेपासून आत. रेघ केवढी, तर मिशीच्या केसाएवढी. पण ओढायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी आख्खी बाही लावतो. खाली लिहिलं, ‘माझ्या चिमट्याने, आज, चार वाजता.’ आणि सही केली.

‘‘उद्या येता का बरोबर?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी येऊन काय करू?’’

‘‘काही नाही. नुसते या.’’

सकाळी आम्ही दोघे गेलो. प्रयोगशाळा म्हणजे तळमजल्यावरची उंच खोली. मधोमध जमिनीत खड्डा, त्यात यंत्र उतरवलेलं, भिंतीला पाइपांचं जंगल, आणि पंपाचा आवाज असा, की माझं जुनं शिलाई मशीन लाजावं. नात पांढरा कोट घालून उभी. आम्हाला बघून खुलली. ‘‘अरे वा, आज दोन-दोन आजोबा! कागद आणलात?’’

चिमटेबुवांनी कागद दिला. ती बघत राहिली. लाल रेघेवर बोट आलं, खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिचा चेहरा उतरत गेला तो मी समोरून बघितला. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘चिमटेआजोबा, एकच होती हो.’’

ते मान खाली घालून उभे. सत्तरी ओलांडलेला माणूस, शाळेत छडी खायला उभा राहावा तसा.

बाई आल्या. केस पार पांढरे झालेत आता त्यांचे. त्यांनी कागद घेतला, होल्डर उघडायला लावला, मायक्रोस्कोपखाली बराच वेळ बघितलं. मग विचारलं, ‘‘बुवा, आरपार आहे?’’

‘‘नाही बाई. निम्म्यापर्यंत. दोनदा मोजलंय.’’

‘‘मग वीज वळसा घालून जायला हवी,’’ बाई नातीला म्हणाल्या. ‘‘आपण जगाला सांगतो ना, की टवक्याने फरक पडत नाही?’’

‘‘सांगतो. पण बाई, एवढी गार होताना ओरखड्यातून तडा पुढे गेला तर? हा स्फटिक रेघेवरच फुटतो. आरपार फुटला तर दोन तुकडे, मग कसला वळसा?’’

‘‘ते आत गेल्यावर कळेल. बाहेर ठेवून काय, लोणचं घालायचंय? उतरवा खाली.’’

चिप उतरली. आणि तिथून दोन दिवस आमचे साडू माणसात नव्हते. मेहुणीचे फोन माझ्या बायकोला. ‘‘ताई, हे पानावरून तसेच उठले.’’ ‘‘ताई, हे बाल्कनीत उभे राहून उजव्या हाताकडे बघतायत.’’ शनिवारी मी बोलायला गेलो तर म्हणाले, ‘‘साडूबुवा, मी आता हा धंदा सोडतो. हात फिरला की घड्याळजीने दुकान बंद करावं.’’

‘‘अहो, सव्वीस वर्षांत एक टिचकी!’’

‘‘ती कुणाच्या चिपला, ते बघा की.’’

त्यावर मी त्यांना माझ्या हातून उलट्या शिवलेल्या, आखूड झालेल्या, एक पाय लांब एक पाय तोकडा निघालेल्या पॅन्टींची यादी ऐकवली. तासभर ऐकवली. शेवटी मेहुणी म्हणाली, ‘‘भावजी, यांना बरं वाटलं की नाही माहीत नाही, पण तुमच्याकडे पुन्हा कपडे देणार नाही मी.’’

रविवारी दुपारी यंत्र पुरतं गार झालं. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. चिमटेबुवा म्हणाले जायला हवं, म्हणून गेलो. पडद्यासमोर नात, मागे बाई, आम्ही दोघे दाराशी भिंतीला टेकून. चुंबक अजून बंद होता. आधी साधी मोजणी करायची होती, नुसता अडथळा किती ते.

नातीने बटण दाबलं आणि तिचे खांदे पडले. ‘‘बाई, मागच्या वेळी बारा होता. आता एकवीस.’’

चिमटेबुवांनी माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात, की मी ओरडणारच होतो.

‘‘तडा?’’ नातीने विचारलं. आवाज कोरडा.

बाई पडद्याजवळ गेल्या. ‘‘तडा आरपार असता तर आकडाच आला नसता. रस्ता अरुंद झालाय, म्हणून अडथळा वाढला. साध्या विजेला टवका कळतोच. चुंबक चालू कर. सावकाश.’’

चुंबकाचा जोर चढायला वेळ लागतो. पडद्यावर एक रेघ तिरपी वर निघाली. मध्येच सपाट व्हायची, पुन्हा चढायची. बाई म्हणाल्या, या सपाट जागा म्हणजे पायऱ्या, आपल्याला वरची, एक तृतीयांशाची पायरी हवी.

रेघ चढत गेली, चढत गेली, आणि मग आडवी झाली. सपाट. मी पट्टीने आखलेल्या रेघेपेक्षाही सरळ. तिच्या खाली दुसरी एक रेघ होती, अडथळ्याची, ती बुडून पार शून्यावर जाऊन बसली.

नात आकडा वाचायला लागली. ‘‘सत्त्याहत्तर हजार... चारशे... अडतीस.’’

तिने बाजूची जाडजूड वही उघडली. तीन महिन्यांपूर्वीचं पान. बोट ठेवलं. पडद्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं.

‘‘तोच आहे,’’ ती म्हणाली. मग ओरडली, ‘‘बाई, तोच आहे! एवढा ओरखडा, आणि तोच आहे!’’

मला त्या आकड्याचा अर्थ तेवढा कळत नव्हता, पण जीव भांड्यात पडल्याचा आवाज मी ऐकला, तो चिमटेबुवांच्या बाजूने आला. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि भिंतीला घसरत घसरत खालीच बसले. डोळे पुसावेत तर रुमाल सापडेना. मी माझा दिला. त्यात त्यांनी नाकही शिंकरलं. पन्नास वर्षांचं अहो-जाहो त्या रुमालात गेलं म्हणा ना.

नात धावत आली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली. ‘‘चिमटेआजोबा, ऐकलंत? वळसा घालून गेली! तुमच्या ओरखड्याला तिने साधं विचारलंसुद्धा नाही!’’

‘‘विचारू नकोच म्हणावं तिला,’’ ते म्हणाले. ‘‘मी शरमेने मेलो होतो.’’

‘‘मी तुमच्याशी नीट बोलले नाही परवा.’’

‘‘जे बोललीस ते खरंच होतं. एकच होती.’’

‘‘आहे. अजून आहे.’’ मग ती लबाडपणे हसली. लहानपणी माझ्या दुकानातली बटणं पळवताना हसायची तशी. ‘‘आता दुसऱ्या बाजूनेही एक ओढता का?’’

‘‘गप गं! थट्टा सुचतेय तुला!’’

पण बाई थट्टेत नव्हत्या. त्या हातात तो कागद घेऊन उभ्या होत्या. ‘‘पोर चुकून खरं बोलली. बुवा, हा ओरखडा कागदावर नसता, तर आज हे दोन आकडे शेजारी ठेवून आपण काय म्हटलं असतं? काहीच नाही. एकवीस का झाले म्हणून यंत्र उघडून बसलो असतो. आता आपल्याकडे ओरखड्याआधीचं आणि नंतरचं मोजमाप आहे, ओरखडा नेमका कुठे, केवढा, तेही आहे. तिचा शेवटचा संच पूर्ण झाला की ही चिप बाहेर काढू. मग तुम्ही आणखी एक ओढा. यापेक्षा थोडा लांब. मग आणखी एक. कुठवर आकडा टिकतो आणि कुठे मोडतो, बघू.’’

‘‘मुद्दाम?’’ चिमटेबुवांचा आवाज असा चढला की पंप क्षणभर लाजला. ‘‘बाई, सव्वीस वर्षं मी या हाताला आवरतोय, आणि तुम्ही मुद्दाम ओढा म्हणता?’’

‘‘दुसरं कुणी ओढलं तर आरपार जाईल.’’

मी म्हणालो, ‘‘साडूबुवा, धंदा सोडणार होतात ना? हीच वेळ आहे.’’

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच पाइपांकडे बघायला लागलो. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, बाईंच्या हातातून कागद घेतला, उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

‘‘पाचव्या आणि सहाव्या टिकलीच्या मध्ये जागा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘किती लांब हवा?’’

‘‘तुम्ही सांगा,’’ नात म्हणाली.

‘‘आधी कागदावर मारून बघू. रुंदीच्या निम्म्याहून जरासा पुढे. त्याच्या पुढे मी जाणार नाही, आधीच सांगतो.’’ त्यांनी शर्टाच्या खिशात पेन्सिल शोधली, सापडली नाही. ‘‘पण आत्ता नाही. आत्ता मी जेवतो. साडूबुवा, चला, दोन दिवस पोटात काही नाही, उपाशीपोटी रेघ सरळ यायची नाही.’’

बाहेर पडेपर्यंत मेहुणीचा फोन आला. चिमटेबुवांनी कानाला लावला आणि म्हणाले, ‘‘हो, हो, झालं सगळं ठीक. ताट वाढ. दोन वाढ, साडूबुवा पण आहेत.’’ मग थोडं ऐकून, माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘नाही गं, शिवायला कपडे मागणार नाहीत ते.’’